घरात कुणी दिसलं नाही की लेकरू घाबरतं

आदरणीय ताई,

सलाम. आम्ही इंदूरला असतो. मूळचे नगरकडचे, आजेसासरे मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून आले आणि इथलेच झाले. आमचं चर्च सीएनआयचं, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं. उपासना हिंदीत होते, पण घरची संध्याकाळची प्रार्थना मराठीतच. खाली आम्ही आणि सासूबाई, वर थोरले दीर आणि जाऊबाई. सासरे दोन वर्षांपूर्वी प्रभूघरी गेले.

सासऱ्यांच्या शेवटच्या आजारात एका फेलोशिपची माणसं दवाखान्यात रात्री बसायला यायची. तेव्हापासून माझे मिस्टर तिकडे जातात. तिथं शिकवतात की सात वर्षांचा संकटकाळ सुरू व्हायच्या आधीच मंडळी, म्हणजे सगळे विश्वासणारे, स्वर्गात वर घेतली जाणार, आणि ते आज रात्रीसुद्धा होऊ शकतं. थोरले दीर म्हणतात, ही शिकवण अलीकडची आहे, मंडळीला संकटातून जावंच लागणार, आणि आधी सुटका होईल म्हणून निवांत बसलेले लोक त्या वेळी प्रभूला नाकारतील. नाताळच्या जेवणावर दोघांचं इतकं वाजलं की दीर खाली प्रार्थनेला यायचेच बंद झाले. सासूबाई एक दिवस खाली बसतात, एक दिवस गुडघे धरत जिना चढून वर जातात.

मुलगा पाचवीत आहे. वडिलांबरोबर मोबाइलवर तो ते व्हिडिओ बघतो. मागच्या महिन्यात तो शाळेतून आला तेव्हा अवेळी पाऊस आला म्हणून मी गच्चीवर कपडे काढायला धावले होते, सासूबाई शेजारी गेल्या होत्या. दार उघडं, गॅसवर दूध. मी खाली आले तर हा दाराजवळ भिंतीला टेकून बसलेला. पाठीवर दप्तर तसंच, पायात बूट तसेच, दूध उतू चाललेलं. "तुम्ही सगळे गेलात, मी राहिलो," एवढंच म्हणाला. त्या दिवसापासून माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरून झोपतो.

आता मिस्टर म्हणतात, मुलीच्या नर्सिंगसाठी ठेवलेली एफडी मोडून सेवेला देऊ, पुढची वर्षं आहेतच कुठे? मुलगी बारावीत आहे. ताई, खरं कोणाचं? आणि मुलाला मी काय सांगू?

– एक आई, इंदूर

प्रिय भगिनी,

सलाम. मुलापासून सुरुवात करते. मोठ्यांचा हा वाद जवळजवळ दोनशे वर्षं चालला आहे, तो आणखी थोडा थांबू शकतो. मुलाला ताटकळत ठेवता येणार नाही.

त्याला "असं काही नसतं रे" म्हणू नका. वडील म्हणतात असतं, आई म्हणते नसतं, यात त्याची भीती कमी होणार नाही. उलट कोणावर विश्वास ठेवायचा हे नवं ओझं त्याच्यावर पडेल. शिवाय प्रभू पुन्हा येणार हे तुम्हीही मानता. दर रविवारी प्रेषितांच्या मतांगिकारात म्हणताच की तो जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला येईल. म्हणून येण्याची गोष्ट त्याच्यापासून लपवू नका, ती नीट सांगा.

थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय त्याच्याबरोबर बसून वाचा. फक्त १३ ते १८ ही वचनं. वाचून झालं की त्याला विचारा, इथे काय काय ऐकू येतं? आज्ञाध्वनी आहे, आद्यदेवदूताची वाणी आहे, देवाच्या तुतारीचा नाद आहे. व्हिडिओत दिसतं तसं गुपचूप काही नाही. खुर्चीवर पडलेले रिकामे कपडे, चालकाविना धडकणाऱ्या गाड्या, ताटावरून नाहीशी झालेली माणसं, यातलं एकही चित्र या सहा वचनांत नाही. ती सिनेमावाल्यांनी आणि व्हिडिओवाल्यांनी भरलेली आहेत. मुलाला सरळ सांगा: घर शांत असेल तर आई गच्चीवर आहे. प्रभू येईल तेव्हा घर शांत नसेल.

दुसरं त्याने बहुतेक हे ऐकलं असेल की शेतात दोघे असतील, एक घेतला जाईल आणि एक ठेवला जाईल. ते वचन मत्तयाच्या २४व्या अध्यायात आहे, आणि त्याच्या आधीची दोन-तीन वचनं वाचल्याशिवाय ते मुलासमोर कुणी म्हणू नये असं मला फार वाटतं. तिथे गोष्ट नोहाची चालली आहे. पूर आला आणि लोकांना वाहून घेऊन गेला. नोहा आणि त्याचं घर राहिलं. म्हणजे "राहणं" ही त्या गोष्टीत शिक्षाच आहे असं ठाम म्हणता येत नाही, आणि अभ्यासकांचंही यावर एकमत नाही. ज्या वचनाचा अर्थ मोठ्यांना पक्का लागत नाही, त्याच्या आधारावर पाचवीतल्या मुलाने दप्तर पाठीवर घेऊन भिंतीला टेकून बसावं, हे मला सहन होत नाही.

आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं. ज्या येशूची गोष्ट तो संडेस्कूलमध्ये शिकला, तो नव्व्याण्णव मेंढरं सोडून एका हरवलेल्याला शोधायला गेला. तो नव्व्याण्णव घेऊन जाईल आणि एका लेकराला विसरेल असं कसं होईल? हे वाक्य तुम्ही म्हणू नका, वडिलांना म्हणायला सांगा. भीती त्यांच्या मोबाइलमधून आली आहे, तर दिलासाही त्यांच्याच तोंडून आला पाहिजे. त्यासाठी त्यांना आपली शिकवण सोडावी लागत नाही. मंडळी आधी वर घेतली जाणार असं मानणारे कितीतरी शिक्षकही लहान लेकरं प्रभूची आहेत, त्यांच्याबद्दल भिऊ नका, असंच सांगतात. तुमचे मिस्टर मुलाला शेजारी घेऊन एवढं बोलले, "बाळा, तू प्रभूचा आहेस, मी कुठेही असलो तरी," तर तुमच्या माझ्या दहा उपदेशांपेक्षा त्याचं काम जास्त होईल.

व्हिडिओ मात्र बंद. यात तडजोड नको. वडिलांनी स्वतः खुशाल बघावेत, इअरफोन लावून, मूल झोपल्यावर. आणि काही साध्या सोयी करा: दाराशी पाटी ठेवा, बाहेर जाताना "गच्चीवर", "शेजारी", "बाजारात" एवढं लिहून जा; तुमचा नंबर त्याला पाठ असू द्या; शेजारच्या एका घराला सांगून ठेवा. ओढणीचं टोक धरून झोपतो तर झोपू द्या, ते ओढून काढू नका. पण झोप अशीच उडालेली राहिली, शाळेला जायला नको म्हणू लागला, पुन्हा अंथरूण ओलं व्हायला लागलं, असं काही दोन-तीन आठवडे चाललं, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि खरं कारण सांगा, संकोच करू नका. सरकारची टेलिमानस ही फुकट हेल्पलाइन आहे, १४४१६ या नंबरवर. तिथे फोन केल्याने विश्वास कमी पडला असं होत नाही. लूक स्वतः वैद्य होता.

आता वादाकडे येते. तुम्ही विचारलंत खरं कोणाचं, तर टाळाटाळ न करता सांगेन. पण आधी थेस्सलनीकाकरांचं ते पहिलं पत्र कशासाठी लिहिलं गेलं ते बघू, कारण दोन्ही भाऊ त्यातूनच वचनं काढतात आणि दोघांच्याही नजरेतून तीच गोष्ट सुटलेली दिसते.

इ.स. ५०-५१च्या सुमाराला ते लिहिणारा प्रेषित पौल करिंथमध्ये होता. थेस्सलनीकाची मंडळी नवी होती, छळात होती, आणि तिच्यातली काही माणसं मरण पावली होती. मागे राहिलेल्यांना घोर लागला: प्रभू येईल तेव्हा आपण असू, पण आपली गेलेली माणसं? ती या आनंदाला मुकणार का? तुमच्या मुलाला जिवंतपणी मागे राहण्याची भीती वाटते. त्या लोकांना आपले मेलेले मागे राहतील अशी भीती होती. त्यांना पौलाने उत्तर दिलं की ख्रिस्तात मेलेले आधी उठतील, आणि मग जिवंत उरलेले त्यांच्याबरोबर मेघारूढ होऊन प्रभूला सामोरे जातील. शेवटी म्हणतो, या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा.

म्हणजे हा उतारा दुखवट्याच्या घरासाठी लिहिला आहे. तुमचं घर दुखवट्याचं घर आहे. दोन वर्षांपूर्वी बाप गेला, त्याच्या उशाशी रात्री बसलेल्या माणसांच्या मायेने धाकटा एका शिकवणीकडे वळला, आणि थोरल्याला बहुधा वाटलं की वडिलांचं चर्च, वडिलांची रीत हा सोडून चालला. मी तुमच्या घरी आलेली नाही, हा माझा अंदाज आहे. पण संकटकाळाच्या आधी की नंतर यावरून नाताळच्या ताटावर भांडणारी दोन माणसं मला दिसतात, तेव्हा त्यांच्यामध्ये त्यांच्या वडिलांची रिकामी खुर्चीही दिसते. आणि ज्या उताऱ्यावरून ती भांडतात, त्यात वडिलांविषयी स्पष्ट लिहिलं आहे: ते आधी उठतील. यावर दोघांचं एकमत आहे. हे त्यांना कुणीतरी मोठ्याने म्हणून दाखवायला हवं.

आता मतं. वर घेतलं जाणं हे बहुतेक सगळेच मानतात, कारण ते शास्त्रात आहे. भांडण वेळेचं आहे. तुमच्या मिस्टरांची बाजू आज ज्या रूपात ऐकू येते ती जॉन नेल्सन डार्बी या आयर्लंडमध्ये सेवा केलेल्या धर्मोपदेशकाने १८३०च्या दशकात मांडली. तो प्लिमथ ब्रदरन या मंडळ्यांचा पुढारी. पुढे १९०९मध्ये अमेरिकेत निघालेल्या स्कोफील्डच्या टिपांसहित बायबलमुळे ती जगभर पसरली. थोरले दीर "अलीकडची" म्हणतात ते या अर्थी बरोबर आहे. अगदी जुनं, पहिल्या-दुसऱ्या शतकातलं डिडाखे नावाचं पुस्तक आहे, त्याच्या शेवटच्या अध्यायात आधी जगाला फसवणारा येतो, मग परीक्षा, आणि मग तुतारी आणि पुनरुत्थान असा क्रम आहे. पण एखादी शिकवण उशिरा मांडली गेली एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. ती वचनांवरच तपासायला हवी.

आणि तिच्याजवळ वचनं आहेत, हे दिरांनी मान्य करायला हवं. देवाने आपल्याला क्रोधासाठी नेमलं नाही, हे त्याच पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आहे. फिलदेल्फियाच्या मंडळीला प्रभू म्हणतो की सगळ्या जगावर येणाऱ्या परीक्षेच्या घटकेपासून मी तुला राखीन (प्रकटीकरण ३:१०). प्रकटीकरणाच्या पहिल्या तीन अध्यायांत मंडळ्या पानोपानी आहेत, आणि चौथ्यापासून संकटांच्या वर्णनात "मंडळी" हा शब्दच नाहीसा होतो. दानीएलाच्या नवव्या अध्यायातली सत्तर सप्तकं इस्राएलसाठी आहेत, शेवटचं सप्तक म्हणजे ती सात वर्षं, आणि मंडळीचा हिशोब वेगळा, असं ते म्हणतात. शिवाय नेहमी जागे राहा असं प्रभू सांगतो. मधे सात वर्षांची ठरलेली यादी असेल तर आज रात्री जागं राहण्याला अर्थ काय, हा त्यांचा प्रश्न वजनदार आहे.

दिरांच्या बाजूला मत्तय २४ आहे. "त्या दिवसांतल्या संकटानंतर लगेच" मनुष्याचा पुत्र येतो आणि देवदूत मोठ्या तुतारीच्या नादाबरोबर निवडलेल्यांना गोळा करतात. क्रम सरळ दिसतो. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (१५:५२) पौल "शेवटच्या" तुतारीविषयी बोलतो. शिष्यांना जगातून काढून घे अशी विनंती मी करत नाही, त्यांना दुष्टापासून राख, अशी प्रार्थना स्वतः येशूने केली (योहान १७:१५). आणि सामोरं जाण्याची रीत. लग्नात सीमांतपूजनाला मुलीकडची माणसं वेशीपर्यंत जातात ती नवऱ्या मुलाच्या गावाला निघून जायला नाही, त्याला वाजतगाजत आपल्या गावात आणायला. पौल रोमजवळ आला तेव्हा तिथले बंधू अप्पियाच्या पेठेपर्यंत त्याला भेटायला आले आणि त्याच्याबरोबर रोमला परतले (प्रेषितांची कृत्ये २८:१५). मेघारूढ होऊन सामोरं जाणंही असंच, प्रभूला घेऊन येण्यासाठी असेल, असं या बाजूचे लोक म्हणतात.

अडचणी दोघांनाही आहेत. आधी मानणाऱ्यांना एकही वचन असं दाखवता येत नाही जे प्रभूचं येणं दोन टप्प्यांत होईल असं उघड सांगतं. ते वेगवेगळी वचनं जुळवून काढावं लागतं. नंतर मानणाऱ्यांना हे सांगता येणं जड जातं की सगळेच विश्वासणारे त्या क्षणी अविनाशी शरीर घेऊन बदलले, तर प्रभू पुढे पृथ्वीवर करील त्या हजार वर्षांच्या राज्यात लेकरंबाळं असलेली साधी माणसं येतात कुठून. मधलाही एक पक्ष आहे, साडेतीन वर्षांवर वर घेतलं जाईल म्हणणारा, आणि १९९०च्या सुमारास आणखी एक पुढे आला, जो म्हणतो की मंडळी संकटात जाईल पण देवाच्या क्रोधाचे प्याले ओतण्याआधी नेली जाईल. आणि तुमच्या सीएनआयच्या व्यासपीठावरून यातलं काहीच फारसं ऐकू येत नसेल, तर त्याचं कारण पाळकसाहेबांचा निष्काळजीपणा नाही. जुन्या मंडळ्यांमध्ये हजार वर्षांचं राज्य आणि सात वर्षं यांचा असा अक्षरशः हिशोब मांडण्याची परंपराच नाही. कॅथोलिक चर्चचा अधिकृत धर्मशिक्षणग्रंथ तर स्पष्ट म्हणतो की प्रभूच्या येण्याआधी मंडळीला एका शेवटच्या परीक्षेतून जावं लागेल (परिच्छेद ६७५).

मला विचाराल तर माझं मत दिरांच्या बाजूला आहे. कारण एकच देते, जे मला सगळ्यात भक्कम वाटतं. थेस्सलनीकात अफवा उठली की प्रभूचा दिवस येऊन ठेपला. लोक हादरले. पौलाने दुसरं पत्र लिहिलं. मंडळी आधी वर घेतली जाणार असं त्याने त्यांना शिकवलं असतं, तर उत्तर एका ओळीचं होतं: "तुम्ही अजून इथेच आहात, म्हणजे तो दिवस आलेला नाही." तो असं म्हणत नाही. तो म्हणतो, आधी विश्वासत्याग होईल आणि अनीतिमान पुरुष प्रकट होईल, त्याआधी तो दिवस येणार नाही. ज्यांना हे बघावं लागणार आहे अशांनाच ते सांगितलं जातं.

पण दिरांचं दुसरं वाक्य मला अजिबात मान्य नाही. आधी सुटका मानणारे त्या वेळी प्रभूला नाकारतील, हे त्यांना कोणी सांगितलं? पेत्राने कोंबडा आरवण्याआधी नाकारलं ते त्याचं मत चुकीचं होतं म्हणून नाही, तो भ्याला म्हणून, आणि प्रभूने त्यालाच मेंढरं चारायला सांगितली. सख्ख्या भावाच्या विश्वासाचा निकाल थोरल्याने असा नाताळच्या ताटावर लावायचा नसतो. डार्बीच्याच गोटातले बेंजामिन विल्स न्यूटन, शास्त्राच्या मूळ ग्रीक प्रतींवर आयुष्य घालवणारे ट्रेगेलस, ब्रिस्टलला अनाथाश्रम चालवणारे जॉर्ज म्युलर हे तिघेही वेळेच्या बाबतीत डार्बीशी सहमत नव्हते. १८४०च्या दशकात त्या मंडळ्या फुटल्या. फूट केवळ या मुद्द्यावर नव्हती, पण प्रभूला एकत्र सामोरं जायची आशा धरणारी माणसं एका टेबलावर प्रभुभोजन घेईनात, इथवर गोष्ट गेली.

याच्या उलट उदाहरण तुमच्या स्वतःच्या चर्चमध्ये आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा वेगवेगळ्या मंडळ्या एक झाल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात लहान बाळांचा बाप्तिस्मा करणारे होते आणि मोठेपणी विश्वास कबूल केल्याशिवाय बाप्तिस्मा न देणारेही होते. हा फरक काही लहान नव्हता. युरोपात त्यावरून माणसं बुडवून मारली गेली होती. तरी दोन्ही रीती एकाच चर्चमध्ये राहतील असं ठरलं, आणि राहिल्या. बाप्तिस्म्यावर जे जमलं ते तुतारीच्या वेळेवर एका घरातल्या दोन भावांना जमायला हरकत नाही.

ते जमवायचं काम तुम्ही अंगावर घेऊ नका. धाकटी सून मधे पडली की दोघेही तिला आपल्या बाजूला ओढतात. हे सासूबाईंनी करावं. त्यांनी एवढंच म्हणावं की मी यापुढे जिना चढणार नाही, प्रार्थना खालीच होईल, आणि तुम्ही दोघे याल. पहिले पाच दिवस थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र, रोज एक अध्याय, पाचच अध्याय आहेत. थोरल्याने एक दिवस वाचावं, धाकट्याने एक दिवस. वाचून झाल्यावर टीका-टिप्पणी नाही, गीत आणि प्रभूची प्रार्थना. चौथा अध्याय शक्य झालं तर घरात न वाचता कबरस्तानात वाचा, सासऱ्यांच्या कबरीपाशी, मुलालाही न्या. आजोबा आधी उठणार हे त्याने तिथे ऐकू द्या. जाऊबाईंना हे आधी सांगून ठेवा. तुम्ही दोघी एका बाजूला असलात तर निम्मं काम झालं.

राहिली एफडी. इथे मी मऊ बोलणार नाही. मोडू देऊ नका.

प्रभू येईल तेव्हा कोणता दास धन्य, तर जो घरच्यांना वेळेवर अन्न देताना सापडेल तो, हे मत्तय २४च्याच शेवटी आहे, जिथून सगळ्या तारखा आणि चिन्हं काढली जातात तिथेच. बारावीतल्या मुलीची फी हे तिचं वेळेवरचं अन्न आहे. आणि थेस्सलनीकातल्या काहींनी, बहुधा प्रभू येणारच म्हणून, कामधंदा सोडला होता, तेव्हा पौलाने दुसऱ्या पत्रात त्यांना स्वतःच्या हाताने कष्ट करून स्वतःची भाकर खायला सांगितलं. मी स्वतः रात्रंदिवस राबलो ते तुमच्यावर भार नको म्हणून, असंही सांगितलं. पंडिता रमाबाईंनी १८९७च्या दुष्काळात तुमच्याच मध्य भारतातून आणि १९००च्या दुष्काळात गुजरातेतून मुली केडगावला आणल्या, तेव्हा त्यांना प्रार्थना शिकवली तशी अक्षरओळख, विणकाम, छापखान्याचं कामही शिकवलं. आज ना उद्या प्रभू येणार हे त्यांच्या मुक्ती मिशनमध्येही गायलं जात होतं, आणि विहिरीही खणल्या जात होत्या.

पैशाच्या बाबतीत मिस्टरांना एक घडलेली गोष्ट सांगा. दक्षिण कोरियात दामी मिशन नावाच्या मंडळीने २८ ऑक्टोबर १९९२ ही तारीख दिली. लोकांनी नोकऱ्या सोडल्या, घरं विकून पैसा आणून दिला. नंतर उघड झालं की ज्याने तारीख दिली त्याने स्वतः त्या तारखेनंतर मुदत भरणारे रोखे घेऊन ठेवले होते. कोर्टाने त्याला फसवणुकीसाठी शिक्षा दिली. अमेरिकेत १८४४ साली आणि पुन्हा २०११ साली अशाच तारखा दिल्या गेल्या आणि चुकल्या, आणि २०२५च्या सप्टेंबरात दक्षिण आफ्रिकेतल्या एका प्रचारकाने दिलेली तारीख तर मोबाइलवरून आपल्याकडेही फिरत होती. तुमच्या मिस्टरांच्या फेलोशिपवर मी हा आरोप करत नाही. दवाखान्यात परक्याच्या बापाच्या उशाशी रात्र काढणारी माणसं लबाड असतील असं मला वाटत नाही, आणि त्यांनी पैसे मागितले असंही तुम्ही लिहिलेलं नाही. पण चांगल्या माणसांसमोरही लेकीच्या शिक्षणाचा पैसा ठेवायचा नसतो. मिस्टरांना द्यायचं आहे तर आपल्या पगारातून द्यावं, दशांश द्यावा, त्याहून जास्त द्यावं, त्यांचा चहा-पेट्रोल कमी करून द्यावं. ते अर्पण त्यांचं होईल. एफडी कोणाच्या नावावर आहे ते बघा, जॉइंट असेल तर मुदतीआधी मोडायला तुमची सही लागते का हे बँकेत जाऊन विचारा, आणि लागत असेल तर सही करू नका. त्यांना आधीच सांगून ठेवा की करणार नाही, म्हणजे काउंटरवर तमाशा होणार नाही.

मुलीला या सगळ्यातलं किती कळलं आहे ते तुम्ही लिहिलं नाही. बारावीची परीक्षा तोंडावर असताना "पुढची वर्षं आहेत कुठे" हे तिनेही ऐकलं असणार. तिला एकटीला गाठून सांगा की तुझी फी आहे, ती हलणार नाही, तू अभ्यास कर.

आणि हे उत्तर मिस्टरांना दाखवायचं असेल तर दाखवा, पण थोरल्या दिरांच्या आधी. माझं मत दिरांकडे झुकतं हे दिरांनी आधी वाचलं तर जिन्यावरूनच ते मोठ्याने वाचून दाखवतील, आणि मग धाकटा पुढचं काही ऐकणार नाही. मिस्टरांना मुलाबद्दलचा भाग आधी वाचायला द्या. फेलोशिपच्या मोठ्या भाऊंशी त्यांना हे बोलायचं असेल तर बोलू द्या, मुलगा दाराशी कसा बसला होता तेही सांगू द्या. मुलाची झोप कशी आहे ते मला महिन्याभराने नक्की कळवा.

तुमची,
ताई